बंगळूर प्रकल्प

दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये १९७९ ते १९८४ या काळात चाललेला इंग्रजी अध्यापनाचा प्रयोग. कागदोपत्री नाव 'कम्युनिकेशनल टीचिंग प्रोजेक्ट', पण जगभरच्या भाषाशिक्षकांत तो शहराच्या नावानेच ओळखला जातो. नियम सांगायचे नाहीत, शब्दांच्या याद्या द्यायच्या नाहीत, वाक्ये घोकून घ्यायची नाहीत. तरी मुलांना इंग्रजीचे व्याकरण येईल का, हे त्यात तपासले गेले. प्रवर्तक ना. शे. प्रभू. ते तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी विभागाचे अधिकारी होते. प्रकल्पाला आधार होता बंगळूरच्या 'रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश, साउथ इंडिया' या संस्थेचा. दक्षिणेतील राज्यांच्या शिक्षकांना इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज बंगळूर विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसरात आहे.

प्रकल्प कशाच्या विरोधात उभा राहिला, हे कळायला त्याआधीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा लागतो. मराठी माणसाला त्यासाठी फार लांब जायला नको. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी नियम, मग मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. पुढे रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण घरोघरी आले. पन्नाशीच्या दशकात भाषांतराची ही वाट जुनी ठरली आणि तिच्या जागी 'स्ट्रक्चरल' पद्धत आली. मद्रास राज्याने प्राथमिक शिक्षकांना या पद्धतीत तयार करण्याची मोठी मोहीमच काढली. इंग्रजीतल्या वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावायच्या, एका तासाला एक रचना घ्यायची, ती हावभावांनी दाखवायची आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यायची. बाई दाराकडे चालत जाताना 'आय ॲम वॉकिंग टू द डोअर' म्हणणार आणि मागून चाळीस मुले तेच म्हणणार. आपण कोणीच दाराकडे चालत नाही आहोत, हे त्यातल्या एकाही मुलाच्या ध्यानात येत नसे.

शब्दांचीही मोजदाद झालेली होती. अविभाजित बंगालमध्ये शिक्षणाधिकारी राहिलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या आधाराने पाठ्यपुस्तकांत कोणता शब्द कोणत्या इयत्तेला द्यायचा, हे ठरू लागले. एखादा शब्द पुस्तकात वेळेआधी आला, तर ती संपादकाची चूक धरली जाई.

या पद्धतीचा दोष वर्गात दिसत नसे, तो वर्गाबाहेर दिसे. सरावाच्या तासाला बिनचूक उत्तर देणारे मूल पाच मिनिटांनी आपल्या मनातले काही सांगायला गेले की तीच रचना मोडे. त्यावर रूढ उपाय एकच होता, तो म्हणजे आणखी सराव. प्रभूंचा तर्क याच्या उलट होता. मन अर्थात गुंतलेले असते तेव्हाच व्याकरण आपोआप आत मुरते. व्याकरणावर नजर रोखली की ते वरवर राहते. मग नजर दुसरीकडे वळवायला हवी. त्यासाठी मुलांपुढे ठेवायचे कोडे, तेही गणिताच्या तासासारखे एकच ठाम उत्तर असलेले.

अशा कोड्याचा नमुना बंगळूरमधल्याच जयनगरचा नकाशा घेऊन मांडता येतो. १९४८ मध्ये आखलेली ही वसाहत चौकटीच्या वहीसारखी आहे. एका दिशेने जाणारे रस्ते 'मेन', त्यांना काटकोनात छेदणारे 'क्रॉस', आणि सगळ्यांची ब्लॉकांत वाटणी. पत्ता म्हणजे तीन आकडे. फळ्यावर अशोक स्तंभ, माधवन पार्क आणि चौथ्या ब्लॉकचा बसथांबा काढलेला आहे. एका मुलीला स्तंभापासून निघून थांब्यावर पोहोचायचे आहे, वाटेत उद्यानापाशी मैत्रिणीला भेटायचे आहे आणि एक रस्ता खोदकामामुळे बंद आहे. जवळची वाट कोणती? प्रकल्पाच्या रीतीने तास घेतला, तर वर्गातले बोलणे साधारण असे होईल :

'व्हिच रोड इज क्लोज्ड?'
'थर्ड मेन.'
'सो कॅन शी गो बाय थर्ड मेन?'
'नो. शी... फोर्थ मेन गोइंग.'
'येस, शी मस्ट गो बाय फोर्थ मेन. इज दॅट लाँगर?'
'नॉट लाँगर. सेम.'

चौथ्या ओळीत मुलाने क्रियापद मोडले. शिक्षकाने त्याला थांबवले नाही, 'परत म्हण' असेही म्हटले नाही. पाचव्या ओळीत तेच वाक्य नीट रूपात आले आणि बोलणे पुढे सरकले. आई बोबड्या मुलाशी बोलते, तसेच हे. 'मस्ट' हे साहाय्यक क्रियापद त्या तासाच्या टाचणात नव्हतेच, बंद रस्त्यामुळे त्याची गरज पडली. 'लाँगर' हे तुलनेचे रूपही तसेच आले, कारण दोन वाटांची तुलना केल्याशिवाय कोडे सुटत नव्हते.

असा तास दोन भागांत चाले. आधी एक कोडे सगळ्या वर्गाने शिक्षकासोबत मोठ्याने सोडवायचे. मग त्याच धर्तीचे दुसरे प्रत्येकाने एकट्याने, गुपचूप, कागदावर. नकाशांखेरीज शाळेची वेळापत्रके, रेल्वेच्या वेळा, दिनदर्शिका, पैशांचे हिशेब अशा गोष्टींवर कोडी रचली जात. कोडे फार सोपे की फार अवघड, हे ठरवायला एक ढोबळ माप होते : निम्म्या मुलांना निम्मे काम जमले, तर ते योग्य. टाचणाची वही सुबक ठेवणाऱ्या शिक्षकांना हे माप बेफिकीर वाटले असेल. पण कच्च्या-पक्क्या मुलांनी भरलेल्या मोठ्या वर्गात इतके व्यवहारी माप दुसरे सापडणे कठीण.

प्रभूंनी कोड्यांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात एकाजवळची माहिती दुसऱ्याला द्यायची असते. दुसऱ्यात हातातल्या माहितीवरून अनुमान काढायचे असते. तिसऱ्यात आपले मत किंवा आवड सांगायची असते. त्यांचा कल अनुमानाच्या कोड्यांकडे होता. माहिती देण्याघेण्याचे काम दोन शब्दांत उरकते, आणि मत विचारले की अडखळणारे मूल गप्प बसते. अनुमानात मात्र 'का?' असे विचारता येते आणि 'का?'चे उत्तर एका शब्दात भागत नाही. गटात बसवून काम करून घेणे त्यांनी जाणूनबुजून टाळले. मुले आपापसांत बोलली की एकमेकांचे मोडके इंग्रजीच पक्के होईल, अशी त्यांची धास्ती होती. पुढे त्यांच्या नावावर जे 'टास्क-बेस्ड' अध्यापन जगभर गेले, त्यात गटकार्य हाच मुख्य देखावा ठरला, हा या कथेतला एक विनोद म्हणायला हरकत नाही.

प्रयोगाचे मूल्यमापन ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी केले. त्यांनी प्रकल्पातले वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीचे वर्ग यांची निरनिराळ्या चाचण्यांवर तुलना केली आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. सुट्या वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे होते. तीच चाचणी त्यांच्या रोजच्या सरावासारखी होती. संदर्भासह विचारलेले व्याकरण, श्रुतलेखन आणि आकलन यांत एकंदर पारडे प्रकल्पातल्या मुलांकडे झुकले. म्हणजे जो ज्याचा सराव करतो ते त्याला जमते, हा घरगुती अनुभवच आकड्यांत उतरला. मात्र न शिकवलेले व्याकरणही बऱ्यापैकी वापरता येते, हेही त्यात दिसले. आयत्या वर्गांचीच तुलना केली, मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ही मर्यादा मूल्यमापकांनी स्वतःच नोंदवली. बेरेटांनी नंतर शिक्षकांकडे पाहिले, तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली. नेहमीच्या शाळांतून आलेल्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ही रीत पूर्णपणे अंगवळणी पडलेली नव्हती. ते साहजिकच आहे. पुस्तकातला धडा वाचून दाखवायला जितके इंग्रजी पुरते, तितके मुलाच्या अनपेक्षित वाक्याला हजरजबाबीपणे उत्तर द्यायला पुरत नाही. प्रभूंचे 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हे पुस्तक १९८७ मध्ये ऑक्सफर्डने काढले. पुढे प्रभू सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकवू लागले.

प्रकल्पाचा सर्वांत मोठा वारसा चीनकडे गेला, निदान कागदावर. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २००१ मध्ये नवा इंग्रजी अभ्यासक्रम आणला, प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण घेतले आणि शिक्षकांना 'टास्क-बेस्ड' पद्धतीची शिफारस केली. त्याआधीच्या दशकात तिथली मुले ली लेइ आणि हान मेइमेइ या पाठ्यपुस्तकातल्या जोडीचे संवाद पाठ करत होती. ही जोडी तिथल्या एका पिढीच्या आठवणीत घर करून आहे.

चिनी विद्यार्थ्याला इंग्रजीत नेमके काय नडते? चिनीत क्रियापदाला काळाचे रूप नाही, नामाला बहुवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही, उपपदे नाहीत, आणि 'तो' व 'ती' या दोन्हींचा उच्चार एकच. त्यामुळे चांगला विद्यार्थीही इंग्रजी बोलता बोलता आईला 'शी'ऐवजी 'ही' म्हणून जातो. मराठी मुलाचे दुखणे वेगळे. क्रियापद चालवण्याची त्याला जन्मापासून सवय असते, पण उपपद त्यालाही नाही. शिवाय मराठीतला 'मध्ये', 'वर', 'कडे' नामाच्या मागे लागतो, तर इंग्रजीत तो पुढे येतो. 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'मला'चे काय करायचे, हे कळेपर्यंत सातवी उजाडते.

चिनी उच्च माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीची दिशा अखेर ठरते ती 'गाओकाओ' या जूनमधल्या प्रवेशपरीक्षेने. एकूण ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे. २०१७ च्या अभ्यासक्रमाने बारावीअखेर सुमारे तीन हजार शब्दांची अपेक्षा ठेवली. नव्या प्रश्नपत्रिकेत व्याकरणाचा थेट प्रश्न एकच उरला आहे : सुमारे दोनशे शब्दांचा उतारा, त्यात दहा गाळलेल्या जागा, प्रत्येकी दीड गुण. काही जागांपुढे मूळ शब्द दिलेला असतो आणि त्याचे रूप करायचे असते. काहींपुढे काहीच नसते, तिथे उपपद, शब्दयोगी किंवा उभयान्वयी ओळखायचे. सुट्या वाक्यांऐवजी सलग उतारा घेतल्यामुळे आधी अर्थ लावावाच लागतो. बंगळूरच्या चाचण्यांतला 'संदर्भासह व्याकरण' हा प्रकार याच जातीचा.

याहून रंजक प्रश्न लेखनाचा. साडेतीनशे शब्दांच्या आसपासची अर्धवट गोष्ट वाचायची आणि पुढचे दोन परिच्छेद आपण लिहायचे, त्याला २५ गुण. झेजियांग प्रांताने २०१६ मध्ये हा प्रश्न परीक्षेत आणला आणि नंतर तो इतर प्रांतांत पसरला. कागदावर तो शुद्ध प्रभूपंथी वाटतो. खरे कोडे आहे, खरी गोष्ट आहे आणि ती पुढे नेल्याशिवाय सुटका नाही. तयारी मात्र वेगळ्याच वळणाने होते. भीतीने थरथरणारे ओठ, गालांवरून ओघळणारे अश्रू, खिडकीतून आत येणारे सोनेरी ऊन, अशी वर्णनाची तयार वाक्ये भावनांप्रमाणे गट पाडून पाठ केली जातात आणि गोष्ट कुठलीही आली तरी त्यात बसवली जातात.

महाराष्ट्राला हे चित्र नवे नाही. राज्य मंडळाने भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी 'कृतिपत्रिका' आणली. पाठांतर मोडून विद्यार्थ्याकडून काही करून घ्यावे, हा तिचा हेतू. बाजाराने वर्षभरात कृतिपत्रिकांचे संच छापले, उत्तरांसकट, आणि '२१ अपेक्षित' प्रश्नसंचांच्या शेजारी मांडले. कर्नाटकात २००७ पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. ज्या शहराचे नाव या प्रकल्पाला लागले, तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतही 'स्पोकन इंग्लिश'ची पातळ पुस्तके खपतात : नियम, तक्ता, सराव, मागच्या पानावर उत्तरे.

प्रभू स्वतः आपल्या पद्धतीला चिकटून राहिले नाहीत. सर्वांत चांगली पद्धत अशी कोणतीच नसते आणि ती का नसते, याचा शोध घेणारा त्यांचा १९९० चा लेख आज मूळ प्रकल्पाइतकाच वाचला जातो. शिकवताना आपण करतो आहोत त्याने मुलाला खरेच काहीतरी मिळते आहे, ही शिक्षकाची आतली खात्री त्यांनी त्यात पद्धतीपेक्षा मोठी मानली. ती खात्री असलेला शिक्षक घोकंपट्टीतूनही शिकवून जातो, आणि ती हरवली की नकाशावरचे कोडेही त्याच्या हातात 'गाळलेल्या जागा भरा' होऊन बसते.