खाली उतरलेला संघ आणि सहा महिन्यांची मुदत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं गोव्याच्या फुटबॉलवर बोलावं, हे जरा आगाऊपणाचंच आहे. माझं लहानपण पुलगावचं. डेपोतले जवान संध्याकाळी फुटबॉल खेळायचे आणि बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. पुढे बँकेची नोकरी लागली आणि 1999 साली पणजीला बदली झाली. तिथं एक क्लब उतरणीला लागलेला आणि पुन्हा उभा राहिलेला पाहिला. आज त्याबद्दलच सांगायचं आहे.

तो क्लब म्हणजे धेंपो. इंग्रजी वृत्तपत्रं त्याला डेंपो म्हणतात. धेंपो काय, साळगावकर काय, गोव्यातले हे मोठे क्लब लोहखनिजाच्या व्यवसायातल्या घराण्यांनी पोसले. 1996 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक नवी धास्तीही आली. तळाला राहिलेल्या संघानं खालच्या श्रेणीत जायचं. जुन्या स्पर्धांत हरलं तर माणूस घरी जायचा आणि पुढल्या वर्षी पुन्हा यायचा. लीगमध्ये मात्र हरण्याची शिक्षा वर्षभर भोगावी लागते. नव्या शतकाच्या तोंडावर धेंपोवर ती वेळ आली.

2000 साली आर्मांदो कुलासो प्रशिक्षक झाले. प्रशिक्षक गोव्याचेच, कुठलं परदेशी नाव नाही. मी नाक मुरडलं. ‘फार तर एक हंगाम टिकतील,’ असं आमच्या शाखेत जाहीरही करून टाकलं. शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी धेंपोचे जुने भक्त होते. मला ते ‘वर्धेकर’ म्हणत. ते म्हणाले, ‘वर्धेकर, आमचा एक नियम आहे. नव्या प्रशिक्षकाला सहा महिने शिवी द्यायची नाही. खेळाडूंना हवी तेवढी द्या.’

हा नियम ते अक्षरशः पाळत. स्थानिक सामन्याला मोजकीच माणसं असली तरी छत्री घेऊन हे हजर. बचावपटूचा उद्धार मोठ्यानं व्हायचा, पण बाकाकडे पाहून चकार शब्द नाही. सहा महिने संपले की ते आणखी सहा महिने वाढवत. मला तेव्हा हा भाबडेपणा वाटायचा.

कुलासोंनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यांनी गोव्यातली मुलं हाताशी धरली. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक यांच्यासारखी. त्यांच्यापुढे गोल करणारे परदेशी खेळाडू ठेवले, नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ब्राझीलचा बेटो. हा गाभा त्यांनी फारसा हलवला नाही. दरवर्षी अर्धा संघ बदलण्याची आपल्याकडची हौस त्यांनी बाजूला ठेवली. त्यासाठी मालकांचा धीर लागतो, आणि तो त्यांना मिळाला.

मग आला 5 डिसेंबर 2004. बंगळुरूला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरनं धेंपोचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला, तो उठलाच नाही. संघ 2-0 नं जिंकला आणि चषकाबरोबर मृत्यूची बातमी घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत कुणी फुटबॉलचं नावही काढलं नाही. त्याच हंगामात, 2005 च्या उन्हाळ्यात, धेंपोनं पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. दुसरा क्रमांक स्पोर्टिंग गोवाचा होता. मी ‘एक हंगाम’ म्हणालो होतो, त्याला पाच वर्षं झाली होती.

2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. पहिली दोन राष्ट्रीय लीगची, पुढची तीन आय-लीगची.

2013 मध्ये कुलासो गेले. क्लबनं परदेशी प्रशिक्षक आणले, तेही लवकर बदलले. 2015 साली पाच वेळचा विजेता खाली घसरला. मी तोवर वर्ध्याला परतलो होतो. ती बातमी इथल्या पेपरात शोधून सापडली नाही, फोनवरून कळली. सहकारी निवृत्त झाले होते, नियम मात्र निवृत्त झाला नव्हता. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू मॉरिसियो आफोन्सो यांच्या हाती संघ आला आणि एका वर्षात, 2016 मध्ये, त्यांनी दुसरी श्रेणी जिंकून दाखवली. वर जायचा हक्क कमावला.

आणि तो वापरलाच नाही. महासंघाच्या नव्या आराखड्यात 2014 साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग वरची आणि आय-लीग खालची ठरणार होती. त्या वरच्या लीगमध्ये शिरायला तेव्हा मैदानावरचा निकाल नव्हे, फ्रँचायझीचे पैसे लागत. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्यांचा राग मला पटतो. तरीही ज्या मुलांनी धावून धावून ती बढती मिळवली, त्यांचं काय, हा प्रश्न मी मालकांना विचारला असता. जिंकून वरच्या लीगमध्ये जायची वाट पुढे 2022-23 पासून उघडली, आणि पहिला गेला तो पंजाबचा संघ.

धेंपो मग पुन्हा तळापासून चढायला लागला. 2023-24 मध्ये दुसऱ्या श्रेणीत दुसरा येऊन आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता समीर नाईक, कुलासोंच्या संघातला बचावपटू. म्हणजे माझ्या सहकाऱ्यांनी ज्यांचा उद्धार केला, त्यांच्यातलाच एक.

बातमी वाचून मी पणजीला फोन लावला. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं. ‘वर टिकतील का हो?’ मी मोठ्यानं विचारलं.

‘हंगाम सुरू तर होऊ द्या, वर्धेकर,’ ते म्हणाले. ‘सहा महिने काही बोलू नका.’