जेलन गोंद

जेलन गोंद : स्फिंगोमोनस एलोडिया या जिवाणूच्या किण्वनातून मिळणारी बहुशर्करा. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तिचा उल्लेख आयएनएस ४१८ किंवा ई ४१८ असा असतो.

अमेरिकेतील मर्क कंपनीच्या केल्को विभागाने उपयुक्त बहुशर्करा तयार करणाऱ्या जिवाणूंचा शोध चालवला होता. त्यात १९७८ मध्ये एलोडिया या पाणवनस्पतीवर हा जिवाणू सापडला. त्याला आधी स्यूडोमोनस प्रजातीत ठेवले होते. काही ग्रंथांत तो स्फिं. पॉसिमोबिलिस या नावानेही आढळतो. अन्नातील वापराला जपानमध्ये १९८८ साली आणि अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली.

संरचना व गुणधर्म : दोन ग्लुकोज, एक ग्लुकुरॉनिक अम्ल व एक ऱ्हॅम्नोज अशा चार शर्करांचे एकक साखळीत पुन्हापुन्हा येते. मूळ रूपात एका ग्लुकोजवर ॲसिटिल व ग्लिसरिल गट असतात. या रूपाची जेली मऊ व लवचिक असून ७०–८०° से. ला धरते. गरम अल्कलीने हे गट काढून टाकले की घट्ट, ठिसूळ व काचेसारखी पारदर्शक जेली देणारे रूप मिळते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात आर. चंद्रशेखरन व सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाने दाखवले, की दोन साखळ्या एकमेकींभोवती गुंफून दुहेरी सर्पिल बनते. ही सर्पिले एकत्र बांधण्याचे काम धन आयन करतात, त्यातही कॅल्शियम व मॅग्नेशियम सर्वाधिक प्रभावी. जेलनचे सारे वागणे या एका गोष्टीवर ठरते. क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यात ती नीट धरत नाही. उलट कठीण (दुष्फेन) पाण्यात भुकटी पूर्ण विरघळतच नाही, म्हणून आधी सोडियम सायट्रेट घालतात.

संवर्धन माध्यमे : प्रयोगशाळेत आगराला (स्वयंपाकघरातील चायना ग्रास) मिळालेला हा सर्वांत समर्थ पर्याय आहे. उष्णताप्रेमी जिवाणू ज्या तापमानाला वाढतात, तेथे आगराची बशी मऊ पडते व तिला पाणी सुटते; कॅल्शियम वा मॅग्नेशियमने बांधलेली जेलन टिकून राहते. आम्लयुक्त माध्यमातही ती आगरापेक्षा भरवशाची. आगर आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व नाजूक जिवाणू उगवतच नाहीत, हे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. माती व गाळातील, आगरावर कधीच न दिसणाऱ्या जाती जेलनवर मिळतात, त्यामागे हेही एक कारण असावे. अशा जाती शोधणाऱ्याने केवळ आगरावर विसंबणे योग्य नव्हे. बश्या मात्र माध्यम चांगले गरम असतानाच ओताव्या लागतात. आगराप्रमाणे उरलेले माध्यम पुन्हा वितळवून वापरता येत नाही.

वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात आगर ०.७–०.८ टक्के लागतो, तेथे जेलन ०.२–०.३ टक्के पुरते. मुराशिगे-स्कूग माध्यमात कॅल्शियम व मॅग्नेशियम असतातच, त्यामुळे वेगळा क्षार घालावा लागत नाही. पारदर्शकतेमुळे मुळे स्पष्ट दिसतात, बुरशीचा संसर्ग लवकर लक्षात येतो आणि रोप बाहेर काढताना मुळांना चिकटलेली जेली पाण्याने सहज धुऊन निघते. काही जातींत कोंब पाणी भरून काचेसारखे होतात. हा दोष आगरापेक्षा जेलनवर अधिक आढळतो. प्रमाण वाढवल्यास तो कमी होतो, पण प्रत्येक वनस्पतीत नाही.

अन्न : जॅम, मिठाई, जेली. मूळ रूपातील जेलन अत्यल्प प्रमाणात घातल्यास बदाम वा सोयाबीनच्या दुधात कॅल्शियम आणि कोको तळाशी बसत नाहीत. जिलेटिन प्राणिज असल्याने शाकाहारी पदार्थांत जेलनचा विशेष उपयोग होतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तिच्या दैनिक सेवनाला आकड्याची मर्यादा घातलेली नाही. पचनमार्गात ती फारशी शोषली जात नाही.

औषधनिर्मिती : काचबिंदूवरील टिमोलॉलच्या एका प्रकारात जेलन असते, थेंब डोळ्यात पडताच अश्रूंतील सोडियममुळे त्याची जेली होते आणि औषध अधिक काळ टिकते.