वजनाचा काटा आणि उंचीची टेप

२०१९च्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण न्यूमोनियाने अत्यवस्थ झाली. अक्का अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. त्याच कारखान्यात मी सूतगोदामाचा हिशेब ठेवतो. पहिल्या रुग्णालयात तिला स्ट्रेचरवर घेताना कोणीतरी म्हणाले, "क्रेन मागवा." दोघे-तिघे हसले. अक्का शुद्धीवर होती.

रात्री तिला दुसरीकडे हलवले. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरांनी वजन विचारले. मी ११८ किलो सांगितले. दोनच महिन्यांपूर्वी मैत्रिणींच्या आग्रहाने ती सुताच्या गोण्यांच्या काट्यावर उभी राहिली होती. त्यांनी आकडा लिहून घेतला आणि टेप काढून डोक्यापासून टाचेपर्यंत तिची लांबी मोजली. माणसाचे असे माप आपल्याकडे केव्हा घेतात हे ठाऊक असल्याने माझ्या पोटात गोळा आला. "माप कशाला, डॉक्टर?" "श्वास केवढा द्यायचा ते ठरवायला," ते म्हणाले.

या उत्तराचा माग काढताना जे हाती लागले, ते येथे मांडतो. मी डॉक्टर नाही. पण सुताच्या धंद्यातला माणूस एवढे जाणतो, की नुसत्या वजनावरून सूत कळत नाही. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, त्यावर त्याचा काउंट ठरतो. वजनाला लांबीची जोड द्यावीच लागते.

माणसाच्या बाबतीत ही जोड बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात दिली. ते वैद्य नव्हते, खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. १९७२ साली अन्सेल कीज यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले. तोच आपला बीएमआय. त्याच्याही मर्यादा महाराष्ट्रातच उघड झाल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

मापाबरोबर दृष्टीचाही इतिहास आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या 'निंदित' देहांचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश यांची चर्चा सर्वांत विस्ताराने येते. चरकांनी उपचार सांगितले, पण अध्यायाच्या नावातला 'निंदित' हा शब्दच समाजाच्या लक्षात राहिला असावा. पश्चिमेतही निराळे नव्हते. १९५६ साली अमेरिकी डॉक्टरांनी एका स्थूल उद्योजकाचा आजार नोंदवला. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आलेली असताना हा गृहस्थ झोपी गेला आणि डाव हरला. श्वास अपुरा पडून त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत होता. या गंभीर विकाराला नाव दिले गेले ते डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'वरून, त्यातल्या सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोरावरून. मरणाच्या दारातल्या रोग्याला विनोदी पात्राचे नाव!

आता टेपकडे येतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याची रीत सुरू केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी उभारलेला विभाग जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. पिशव्यांची जागा यंत्रांनी घेतली. पुढची काही दशके किलोमागे १० ते १५ मिलिलिटर असा मोठा श्वास देण्याचा प्रघात होता.

सन २०००मध्ये अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यांची फुप्फुसे तीव्र इजेने सुजलेली होती. किलोमागे १२ मिलिलिटरच्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलिलिटरच्या गटात ३१ टक्के. जादा ताणाने आजारी फुप्फुस आणखी फाटते. आणि यातला 'किलो' काट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ४५.५ किलो, पुरुषासाठी ५०, आणि पुढच्या प्रत्येक इंचाला २.३. अगदी हेच सूत्र डिव्हाइन यांनी १९७४ साली जेंटामायसिन या औषधाच्या मात्रेच्या संदर्भात दिले होते.

अक्काची उंची पाच फूट. सूत्राने तिचा श्वास २७३ मिलिलिटर. काट्यावरच्या ११८ किलोने तोच ७०८ झाला असता, म्हणजे अडीचपटींहून अधिक! माणूस जाड झाला तरी त्याचे फुप्फुस मोठे होत नाही. ते उंचीनुसारच राहते.

उलट अशा माणसाला उताणे निजवले, की पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि फुप्फुसाचा तळ मिटतो. म्हणून उशाकडची बाजू उंच ठेवतात आणि श्वास सोडल्यावरही यंत्राने थोडा अधिक दाब राखतात. प्राणवायूचा साठा कमी, त्यामुळे नळी घालायला मिळणारा वेळही कमी. त्याआधी डोक्या-खांद्याखाली चादरींच्या घड्यांचा उतार करतात; कानाचे छिद्र छातीच्या वरच्या खाचेच्या रेषेत आले पाहिजे. दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. कूस बदलायला चार-पाच माणसे हवीत, नाहीतर पाठीला जखमा होतात. काट्यावरचे वजनही लागतेच: खाट, सीटी स्कॅनचा टेबल आणि काही औषधांच्या मात्रा यांसाठी.

एवढी तयारी जाहीरपणे पाहिली ती २०१७ साली मुंबईने. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद यांना मालवाहू विमानाने आणून खाटेसकट क्रेनने सैफी रुग्णालयात नेले. वजन सुमारे ५०० किलो सांगितले जाई. ७ मार्चला डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने शस्त्रक्रिया केली. वजन किती उतरले यावरून कुटुंब आणि रुग्णालय यांच्यात वाद झाला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले. ती क्रेन ही उपचाराची गरज होती. आपल्या मनात मात्र तिचा विनोद झाला, आणि दोन वर्षांनी तो सोलापुरात माझ्या बहिणीच्या स्ट्रेचरपाशी ऐकू आला.

अक्का अकराव्या दिवशी यंत्रावरून सुटली. आमच्या घरच्या औषधांच्या वहीत आता प्रत्येकाच्या वजनाशेजारी उंचीही लिहिलेली आहे. त्या दिवसांतले अक्काला फारसे काही आठवत नाही. टेप तर मुळीच नाही. क्रेनचे वाक्य मात्र तिला शब्दशः आठवते, आणि ते कोणाच्या आवाजात होते तेही.