दापुऱ्यात कोणावर पैज लावाल?

मूर्तिजापूर मागं टाकून तुम्ही दापुऱ्यात शिरता तेव्हा साल आहे १८९०. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती वहाणांना चिकटलेली. पैज एवढीच: या गावातलं कोणतं नाव पुढं साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी होईल?

तुमची नजर आधी फेट्यांकडं जाते. चोपड्या उघडून बसलेला सावकार, नाहीतर गावचा पाटील. तेवढ्यात चौदा वर्षांचा एक पोरगा ढोरं हाकत जातो. पारावरचा म्हातारा सांगतो, "थो देबू. चंद्रभानचा भाचा. बाप दारूपायी गेला, माय माहेरी आली. पोट्टा कामाले वाघ हाये, पन शायेत नाई गेला कदी."

तुम्ही पुढं निघता. कोणीही निघालं असतं.

काही वर्षांनी परत या. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली आहे आणि तिच्यावरचा ताबा सोडायला देबू तयार नाही. मुलीच्या बारशाला भावकी दारू-मटणाची वाट पाहत बसते, हा गोडाचं जेवण वाढतो. फार तर हट्टी म्हणाल. हट्टी शेतकऱ्यांची वऱ्हाडात कधी वाण नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५. देबू घर सोडतो. मागं म्हातारी माय, बायको कुंताबाई, लेकरं. आरत्यांमध्ये हे घर येत नाही, म्हणून तुम्ही तिथं थोडं थांबाच.

मग ऋणमोचनची यात्रा. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. लोक वेडा समजून वाट देतात. दिवसभर हा घाण झाडतो आणि रात्री कीर्तनात समोरच्यांनाच विचारत सुटतो: नवसाच्या बोकडाबद्दल, सणासाठी काढलेल्या कर्जाबद्दल, पोराच्या शाळेबद्दल. उत्तर देता देता माणसं हसतात, मग गप्प होतात. आता कुठं तुम्ही पैज बदलायला निघता, पण गर्दी तुमच्याआधीच जमलेली असते.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी हा देबू, म्हणजेच गाडगे बाबा, गेले. समाधी अमरावतीत आहे. तिथं १९८३ साली झालेल्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमकडचे पदवीधर असाल, तर कपाटातलं प्रमाणपत्र काढून वरची ओळ वाचा.