एरंडेल आणि इंजिन

महाड-पोलादपूरकडे एरंडाला कोणी फारसे विचारीत नाही. कुंपणाच्या कडेला तो आपला आपण उगवतो, आणि ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून वर आपण त्याची थट्टाही करतो. तथापि वरंध आणि आंबेनळी घाटांतून बैलगाड्या चढउतार करीत, तेव्हा आस कुरकुरू नये म्हणून गाडीवान जे वंगण घालीत, त्यात एरंडेल असे.

पुढे मोटार आली आणि एरंडेलाचे दिवस संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास निराळेच सांगतो. इंग्लंडातील वेकफील्ड कंपनीने १९०९ साली आपल्या इंजिन-तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ नाव दिले, ते त्यातील एरंडेलावरून. इंग्रजीत एरंडेल म्हणजे कॅस्टर ऑइल. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांत सिलिंडरच गरगर फिरत आणि पेट्रोल व वंगण एकाच वाटेने आत जाई. पेट्रोलने खनिज तेल पातळ होई. एरंडेल त्यात सहजी विरघळत नसे. म्हणून मान एरंडेलाचा!

मात्र त्यात एक खोड होती. उष्णतेत प्राणवायूशी संयोग होऊन ते चिकट होई आणि इंजिनात राळेसारखे थर साचत. स्वस्त व टिकाऊ खनिज तेलाने बाजी मारली ती इथेच. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथले तेल बंद झाले. त्या युद्धकाळात शांतिस्वरूप भटनागर यांच्या देखरेखीखाली आपल्या शास्त्रज्ञांनी वनस्पती तेलांच्या मिश्रणांतून इंधन आणि वंगण सिद्ध केले. युद्ध सरले, निकड सरली.

आज तेल लवकर बिघडू नये, थंडीत थिजू नये, धातू झिजू नये, यासाठी निरनिराळी पूरक रसायने मिळतात. त्यांच्यावाचून घरचे तेल इंजिनात ओतणे म्हणजे इंजिनाचा घात करणे होय.

मग एवढा खटाटोप कशाला? मला त्याचे कारण सावित्रीच्या पात्रात दिसते. मातीत सांडलेले खनिज तेल दीर्घकाळ तसेच राहते आणि पावसाळ्यात ओढ्यांवाटे नदीला मिळते. वनस्पती तेल मातीतले जंतू त्यामानाने लवकर पचवतात. वापरून काळे झालेले तेल कोणतेही असो, ते जमिनीवर ओतू नयेच. पण जे सांडणारच, ते झाडाचे असलेले बरे. टंचाई आली की एरंडाची आठवण करायची, हा आपला जुना परिपाठ. नदीसाठी ती आधीच व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.