गोधडीचा रंग आणि माळव्याची आल



गोधडीचा विषय निघाला की बहुधा तिच्या टाक्यांचे कौतुक होते. धावदोरा किती बारीक आहे, चौकोन किती नेमके जुळले आहेत, कडेचा गोट किती सरळ बसला आहे, हे सारे आपण निरखून पाहतो. तिच्या रंगांविषयी मात्र, 'चिंध्यांचे रंग, ते असायचेच असे,' एवढे म्हणून मोकळे होतो. जणू काही त्या चिंध्या आकाशातून रंगूनच अंगणात पडल्या! वास्तविक गोधडीचा रंग हा तिच्या शिवणीइतकाच कष्टाने मिळवलेला असे. काही रंग घरच्या चुलीवर उतरत, काही रंगाऱ्याच्या हौदातून येत, आणि या दोहोंमधली सीमारेषा गृहिणीला पक्की ठाऊक असे. ती रेषा कशी होती आणि पुढे कशी पुसली गेली, ते आज सांगावयाचे आहे.

माळव्याच्या पठारावर दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते. येथल्या रात्रीची, 'शबे मालवा'ची, ख्याती त्यामुळेच झाली. आणि त्या रात्रीचा उपभोग घ्यावयाचा तर अंगावर काहीतरी जाडेभरडे हवेच. १८१८ साली मंदसोरचा तह झाला व होळकरांची राजधानी इंदुरास आली. तिच्याबरोबर कारकून, शिलेदार, पुराणिक, सावकार अशी कितीतरी मराठी घरे येथे स्थिरावली. त्यांच्याबरोबर नऊवारी लुगडेही आले. नऊ वारांचे लुगडे विरले की त्याचे जुनेर होई. जुनेराचा धड भाग गोधडीच्या वरच्या पदराला जाई आणि विरलेली धोतरे, उपरणी तिच्या पोटात जात. प्रश्न उरे तो विटलेल्या आणि पांढऱ्या कापडाचा. पांढरे कापड गोधडीच्या दर्शनी भागी लावावे, तर चार दिवसांत मळते. म्हणून ते रंगवून घ्यावयाचे.

येथे सुताचा एक हट्टी स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. लोकर आणि रेशीम रंगाला लवकर वश होतात. सूत होत नाही. बहुतेक झाडपाल्याचे रंग सुतावर नुसते बसवले तर पहिल्याच धुण्यात निघून जातात. रंग आणि धागा यांची सोयरीक जुळवावयास मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे हिरडा आणि तुरटी. कापडाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका कुटलेला हिरडा पाण्यात भिजवून त्यात कापड मुरवावयाचे, उन्हात वाळवावयाचे, मग तुरटीच्या पाण्यातून काढावयाचे आणि त्यानंतर रंगाच्या तपेल्यात सोडावयाचे. हिरड्यातले तुरट द्रव्य तुरटीला धरते व तुरटी रंगाला धरते. आमच्या आज्यांना यातले रसायनशास्त्र पुस्तकातून कोणी शिकवले नव्हते. पण हिरड्यावाचून रंग 'धरत नाही' हे त्या जाणत होत्या, आणि 'धरणे' हा त्यांचा शब्द शास्त्रालाही मान्य व्हावा इतका अचूक आहे.

आणखी एक गंमत. कोरे कापड रंग नीट घेत नाही, कारण कपाशीच्या धाग्यावर निसर्गतःच मेणचट लेप असतो आणि विणकराची खळही त्यावर असते. जुनेराचे तसे नाही. वर्षानुवर्षे नदीवर, विहिरीवर आपटून, राखेने व रिठ्याने धुऊन ते निर्मळ झालेले असते. गिरणीतला रंगारी नवे कापड उकळून-धुऊन ज्या अवस्थेस आणतो, त्या अवस्थेस ते संसाराच्या रगाड्यातून आपोआप पोचलेले असते. गोधडीसाठी जुने कापडच का रंगवीत, याला काटकसर हे कारण आहेच; पण ते एकटेच नव्हे.

घरचे रंग कोणते? पहिला पिवळा. हळद सर्वांत सोपी, पण सर्वांत बेइमान; ऊन लागले की उडते आणि साबण लागला की लालसर होते. तिच्याहून डाळिंबाची साल बरी. फाल्गुनात माळव्यात आणि निमाडात पळस फुलतो. त्याच्या फुलांचा काढा केशरी-पिवळा रंग देतो. रंगपंचमीला राजवाड्यापुढून इंदूरची प्रसिद्ध गेर निघते, तेव्हा हेच केसूचे पाणी उडवण्याची जुनी चाल होती. पिवळा रंग करावयाचा तर लोखंडी कढई वर्ज्य. कल्हईच्या पितळी तपेल्यातच तो करावयाचा. लोखंडाचा नुसता स्पर्श झाला तरी पिवळा काळवंडून शेवाळासारखा होतो.

हाच लोखंडाचा दुर्गुण काळ्या रंगाला उपयोगी पडे. गंजलेले खिळे, नाल, विळ्यांचे तुकडे एका मडक्यात घालून त्यात गूळ आणि पाणी ओतावयाचे व मडके पंधरा-वीस दिवस एका बाजूस आंबत ठेवावयाचे. या पाण्यात हिरडा दिलेले पिवळट कापड बुडवले की ते पाहता पाहता काळे होते. धार जिल्ह्यातील बाघ येथील छपाईचे कारागीर काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचाच आधार घेतात. म्हणजे स्वयंपाकघरातले मडके आणि जगप्रसिद्ध कारागिराचे मडके यांची जात एकच. परंतु या काळ्यात एक खोट आहे. लोखंड कालांतराने सुताचा धागाच खाते. जुन्या गोधडीत काळे चौकोन आधी विरतात, शेजारचे पिवळे-तांबडे धड राहतात, ते यामुळे. शिवणाऱ्या बाईचा हात तेथे सैल पडला होता असा आरोप कोणी करू नये.

पिवळा, काळा, काताचा तपकिरी, ही झाली घरची दौलत. निळा घरी होत नसे. निळीचा हौद जिवंत ठेवावा लागतो; त्याला ऊब हवी, खाद्य हवे, रोजची निगा हवी. ते निळाऱ्याचे काम. आजच्या नीमच जिल्ह्यातील जावद, तारापूर, उम्मेदपुरा ही गावे निळीच्या कामाबद्दल नावाजलेली. तेथील नांदणा छापाचे कापड भिल्ल स्त्रियांच्या घागऱ्यांना लागे. (धोतराला आपण जी 'नीळ' देतो ती अलीकडे बहुधा निराळी, कारखान्यातली भुकटी असते, नाव तेवढे उरले आहे.)

राहता राहिला तांबडा. खरी कथा येथे आहे.

घरी तांबडा करण्याचा एकच मार्ग होता, तो कुसुंब्याचा. करडईच्या फुलांतला पिवळा अंश आधी पाण्याने धुऊन टाकावयाचा, मग सज्जीखारात तांबडा अंश उतरवावयाचा आणि लिंबाच्या आंबटाने तो कापडावर बसवावयाचा. रंग असा मोहक की डोळे निवावेत. पण ऊन, साबण, घाम, काहीच त्याला सोसत नाही. लग्नातल्या वस्त्राला तो शोभतो. वीस वर्षे अंगावर घ्यावयाच्या गोधडीला त्याचा काय उपयोग? गोधडीला तांबडा हवा तो टिकणारा, मळ झाकणारा, जाडाभरडा. तो माळव्याच्या काळ्या जमिनीत उगवत असे. त्याचे नाव आल. कोकणात जिला बारतोंडी म्हणतात, त्याच कुळातली ही वनस्पती.

विल्यम हंटर नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७९५ साली निघालेल्या चौथ्या खंडात माळव्यातील या पिकावर एक लेखच लिहिला आहे. आलीचा रंग तिच्या मुळांच्या सालीत असतो. बी पेरल्यावर तीन-चार वर्षे वाट पाहावी लागे, आणि मग जमीन खोल खणून मुळे काढावी लागत. बारीक, दोऱ्यासारखी मुळे सर्वांत मोलाची, कारण त्यांत सालच अधिक. जाड मुळे म्हणजे नुसते लाकूड. ज्या शेतकऱ्याने आज आल पेरली, त्याने चौथ्या वर्षीच्या बाजारावर भरवसा ठेवला, असा याचा अर्थ होतो. हा भरवसा पुढे कसा फसला ते आपण पाहणारच आहोत.

आलीने रंगवणे हे घरच्या चुलीचे काम नव्हे. कापड प्रथम तिळाच्या किंवा एरंडीच्या तेलात व सज्जीखारात तुडवावयाचे, वाळवावयाचे, पुन्हा तुडवावयाचे. असे कित्येक दिवस. मग हिरडा, मग तुरटी, मग कुटलेल्या मुळांच्या पाण्यात धायटीची फुले घालून शिजवणे, आणि शेवटी वाहत्या पाण्यात धुणे. त्या तेलकट कापडाचा वास साऱ्या आळीला कळे. इंदुरात आजही छीपा बाखल नावाची वस्ती आहे. 'बाखल' म्हणजे माळवी बोलीत एका व्यवसायाची किंवा ज्ञातीची आळी. छापणारे-रंगवणारे छिपे यांचे नाव तिला चिकटलेले आहे.

आलीत रंगवलेल्या जाड्या तांबड्या कापडास 'खारवा' म्हणत. बुंदेलखंडात मऊ-रानीपूर हे त्याचे मोठे केंद्र होते. सावकाराच्या चोपडीचे वेष्टन खारव्याचे, पडदे खारव्याचे, आणि गादी-रजई-गोधडीचे अस्तरही खारव्याचे. गृहिणी गोधडीचा वरचा पदर आपल्या तपेल्यात रंगवी आणि पाठीला खारवा विकत घेई. वर संसार, खाली बाजार, अशी ती वाटणी होती.

याच रंगाची एक कटू आठवण मराठी भाषेने जपली आहे. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेस जे तांबडे वस्त्र नेसावे लागे ते 'अलवण'. या शब्दाच्या मुळाशी हीच आल असावी, असे मला वाटते. जो तांबडा वर्ण सवाष्णीच्या कपाळी मंगल, तोच जाडाभरडा होऊन विधवेच्या अंगी शिक्षा ठरला. रंग पक्का, पुन्हा रंगवावयास नको, बदलावयास नको, जन्मभर तोच. रूढीला असा न विटणारा रंग सोयीचा वाटला, यात नवल नाही. आणि जाड, रंग न सोडणारे कापड फेकून देण्याची त्या घरांची रीत नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या गोधडीच्या पोटात विटकरी रंगाचा पदर लागला, तर तो कोणाच्या अंगावरून आला असेल, हा विचार मनास चाटून जातो.

आता आलीचा शेवट. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुणाने लंडनमध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपातील मंजिष्ठाच्या मुळातले अलिझरीन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. दुसऱ्याच वर्षी त्याच्या कारखानी कृतीचे हक्क नोंदले गेले. (आल आणि अलिझरीन यांचे नामसाम्य हा केवळ योगायोग होय. आलीतले मुख्य रंगद्रव्य निराळे, त्याच घराण्यातले भावंड म्हणावे असे.) जे रंगाऱ्याला तेल, ऊन आणि मुळ्या यांच्या साहाय्याने कित्येक दिवसांत साधे, ते आता डब्यातल्या लगद्याने थोडक्या वेळात साधू लागले. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदुरास रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १०१ वर्षांच्या मुदतीने एक कोट रुपये कर्जाऊ दिले. त्याच सुमारास इंदुरात सरकारी कापडगिरणीही उभी राहिली. दूरदर्शी राजाने आणलेली आगगाडी येताना मुंबई बंदरातले परदेशी रंगाचे डबेही घेऊन आली. वावरात तीन वर्षांची आल उभी असताना बाजारात तिचा भाव कोसळणे म्हणजे काय, हे कपाशीच्या शेतकऱ्याला तरी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तो निदान पुढच्या वर्षी पीक बदलू शकतो.

तरीही अलिझरिनाला तुरटी लागे. रंगाऱ्याची विद्या अजून पुरती निकामी झाली नव्हती. तो घाव घातला १८८४ साली निघालेल्या काँगो रेड या रंगाने. मध्यस्थाशिवाय थेट सुतावर चढणारा हा पहिला कृत्रिम रंग. नुसते उकळते पाणी, मूठभर मीठ आणि एक पुडी! त्याच्या पाठोपाठ त्याच जातीचे सारे रंग पुड्यांतून आले, आणि जो तांबडा-निळा कधी घरच्या चुलीवर झाला नव्हता तो कोणासही अर्ध्या तासात करता येऊ लागला. सीमारेषा पुसली गेली ती अशी. याचा आनंद झाला नसेल असे मी म्हणणार नाही. रंगांची हौस आणि पैशांची चणचण ज्या घरात एकत्र नांदतात, तेथे ही पुडी म्हणजे सणच होता. पण हिरडा मागे पडला, मडके फुटले, आणि पुडीचा तांबडा पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्यावर उतरू लागला. काँगो रेड ज्यापासून बनतो ते बेंझिडीन हे द्रव्य कर्करोगकारक आहे, हे पुढे सिद्ध झाले. १९९४ साली जर्मनीने आणि त्याच दशकात भारतानेही अशा पुष्कळ रंगांवर बंदी घातली.

घरात जुनी गोधडी असेल तर तिचे रंग कोणत्या हातचे, हे थोडेफार ताडता येते. कडेचा सुटा दोरा तेवढा घ्यावा. पिवळा दोरा साबणाच्या पाण्यात लालसर झाला तर ती हळद. काळ्यावर लिंबू लावताच तो फिका पडला तर ते खिळ्यांच्या मडक्यातले काळे. तांबडा दोरा चिंचेच्या पाण्यात निळसर-काळा झाला तर ती काँगो रेडची पुडी. आणि साबण, लिंबू, चिंच यांपैकी कशानेही फारसा ढळला नाही तर तो आलीचा किंवा अलिझरिनाचा. त्या दोहोंत निवाडा करणे घरच्या साधनांनी होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. तोवर ती गोधडी गरम पाण्यात भिजत घालू नये, आणि काळे चौकोन तर मुळीच चोळू नयेत.