उतारावरच्या बायका: स्की-उडीतला दीडशे वर्षांचा झगडा

स्की-उडी हा नॉर्वेत जन्मलेला खेळ. बर्फाळ उतारावरून वेगाने खाली यायचे, कड्यावरून झेप घ्यायची आणि तोल सांभाळत शक्य तितके दूर उतरायचे. गुण अंतराला मिळतात तसेच उडीच्या डौलालाही. या खेळात स्त्रिया उशिरा आल्या, हा समज चुकीचा आहे. १८६२ साली ट्रिसिल गावात इंग्रिड वेस्टबी हिने उडी मारल्याची नोंद आहे. पुढे १९११ मध्ये ऑस्ट्रियातील किट्सब्यूल येथे पाउला लाम्बर्ग या उमराव घराण्यातील स्त्रीने पायघोळ झग्यात २२ मीटरची उडी घेतली. वर्तमानपत्रांना तिचे कौतुक होते. पण ते नवलाचे कौतुक होते, खेळाडूचे नव्हे.

स्त्रियांचे नाजूक शरीर, विशेषतः गर्भाशय, उतरतानाचा धक्का सोसणार नाही, असे तेव्हाचे वैद्यक सांगे. १९३०च्या दशकात नॉर्वेच्या योहाने कोल्स्टाड आणि हिल्डा ब्रास्केरूड या तरुणी पुरुषांच्या तोडीच्या उड्या मारत होत्या, तरी त्यांना स्पर्धेत जागा नव्हती. स्पर्धेच्या मध्यंतरात प्रेक्षकांपुढे उड्या मारून दाखवायच्या, एवढीच त्यांना मुभा. कोल्स्टाडने अखेर अमेरिकेची वाट धरली आणि १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील बर्लिन गावी ७२ मीटरची उडी घेतली. १९७६ मध्ये साप्पोरोत अनिता वोल्डने ९७.५ मीटर गाठले. गर्भाशयाचा मुद्दा मात्र निकालात निघाला नव्हता. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जान-फ्रांको कॅस्पर यांनीही वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य वाटत नसल्याचे म्हटले. त्याच्या दोनच वर्षे आधी ऑस्ट्रियाच्या डॅनिएला इराश्को हिने कुल्म येथे २०० मीटरची उडी मारली होती.

पुरुषांची स्की-उडी १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासूनच त्यात होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २००६च्या बैठकीत स्त्रियांना नकार मिळाला तेव्हा कारण बदलले होते: खेळाडू कमी, देश कमी, त्यामुळे पदकाचे मोल घटेल. स्की-क्रॉस या नव्या प्रकाराला त्याच बैठकीत प्रवेश मिळाला होता, हे पाहता आकड्यांचा हा युक्तिवाद लंगडा वाटतो. शिवाय स्पर्धाच नसेल तर खेळाडू वाढणार कसे?

या काळातला ठळक चेहरा म्हणजे अमेरिकेतील युटा राज्याच्या पार्क सिटीची लिंडसे व्हॅन. व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी बांधलेल्या उतारावर खेळांपूर्वी सर्वांत लांब उडीचा विक्रम तिच्या नावावर होता आणि तो स्त्री-पुरुष दोघांमध्ये मिळून होता. २००९ मध्ये लिबेरेट्स येथे स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तिनेच जिंकली. पण २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या त्याच उतारावर उतरायला तिला बंदी होती. तिच्यासह पंधरा खेळाडूंनी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती लॉरी ॲन फेन्लन यांनी हा भेदभाव असल्याचे मान्य केले. मात्र कोणते प्रकार खेळवायचे हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरवते आणि ती कॅनडाच्या कायद्याला बांधील नाही, म्हणून दिलासा नाकारला. खेळाडू न्यायाने जिंकल्या आणि निकालाने हरल्या.

२०११ मध्ये समितीने स्त्रियांच्या स्की-उडीला संमती दिली. त्याच वर्षाअखेर स्त्रियांचा विश्वचषक सुरू झाला. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची ऑलिंपिकमध्ये ३० जणी उतारावर आल्या. पहिली उडी पार्क सिटीच्याच सारा हेन्ड्रिक्सनने मारली. जर्मनीच्या कारिना फोग्टने सुवर्ण, तर अकरा वर्षांपूर्वी २०० मीटर उडालेल्या इराश्कोने रौप्य मिळवले. व्हॅन पंधरावी आली. तिच्या उमेदीची वर्षे स्पर्धेपेक्षा प्रवेशासाठी झगडण्यात गेली होती, हे त्या क्रमांकाकडे पाहताना ध्यानात ठेवायला हवे.

तरी समानता हप्त्याहप्त्याने येत राहिली. सोचीत स्त्रियांना एकच प्रकार होता, पुरुषांना तीन. २०२२ मध्ये मिश्र सांघिक स्पर्धा आली, आणि मोठ्या उतारावरील वैयक्तिक प्रकाराचा समावेश थेट २०२६च्या कार्यक्रमात झाला. अतिलांब उड्यांचे अजस्र उतार स्त्रियांना स्पर्धेसाठी खुले झाले तेही २०२३ मध्ये, नॉर्वेतील विकर्सुंड येथे. तिथेच मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हट्सने २३६ मीटरची उडी मारून स्त्रियांचा जागतिक विक्रम केला.